परत मागितलेलं दुपटं

पिंपळखोऱ्यात वाकळ शिवायची म्हटली की रुताक्काकडेच जायचं. कडेगावकडून येणारी गाडीवाट जिथे गावात शिरते, तिथे ओढ्याच्या अंगाला तिचं दोन खणांचं घर होतं. तिचं खरं नाव रूथबाई. मिशनने गावात शाळा काढली तेव्हा नवरा शमुवेल मास्तर त्या शाळेवर आला, त्याच्यामागून ती साताऱ्याहून आली. पुढे शाळा बंद पडली, मास्तरही विषमज्वराने गेला. माहेरच्यांनी बोलावलं, पण रूथबाई परत गेली नाही. "इथल्या निम्म्या पोरांना त्यांनी अक्षरं शिकवली. मी गेले तर त्यांचं नाव कोण काढणार?" एवढंच ती म्हणाली आणि दाभण हातात घेतलं.

घराघरांतली विरलेली लुगडी, फाटकी धोतरं, म्हाताऱ्यांचे जुने पटके तिच्याकडे यायचे. त्यांचे थर लावून ती असे बारीक टाके घालायची की तिची वाकळ दोन पिढ्या हलायची नाही. उरलेल्या चिंध्या शिवणारणीच्या, अशी रीत होती. रूथबाई त्या गाठोड्यात बांधून ठेवायची. नाताळाआधीचे चार रविवार, प्रभूच्या येण्याची वाट बघायचे दिवस सुरू झाले की ते गाठोडं सोडायची. मास्तर म्हणायचा, "वाट नुसती बसून बघू नये, हातात काहीतरी काम घेऊन बघावी." म्हणून त्या दिवसांत ती सगळ्या गावाच्या चिंध्यांची एक वाकळ शिवायची आणि ज्याला गरज असेल त्याला नेऊन द्यायची. त्याबद्दल तिने कधी कुणाकडून काही घेतलं नाही.

सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात तिने वाकळ शिवली नाही, दुपटं शिवलं. ते रंगूबाईच्या नातीसाठी होतं. रंगूबाईचा मुलगा मानसिंग पलटणीत होता, लांब कुठेतरी. त्याच्या बायकोला, अंजनाला, दिवाळीच्या आगेमागे मुलगी झाली होती. आदल्या हिवाळ्यात तिचं पहिलं लेकरू थंडीने गेलं होतं. त्यामुळे या मुलीला घरातली माणसं तळहातावरच्या फोडासारखी जपत होती. रूथबाईने विचार केला, नाताळापर्यंत थांबायचं कशाला, थंडी काही थांबत नाही. म्हणून तिने गाठोडं या खेपेला आधीच सोडलं होतं. पहिल्याच रविवारी प्रार्थना आटोपून तिने दुपटं नेऊन दिलं. किरिस्तावणीच्या हातचं म्हणून रंगूबाईने रिवाजाप्रमाणे त्यावर पाणी शिंपडलं, मग नातीच्या अंगावर घातलं आणि म्हणाली, "रुताक्का, तुज्या हाताला देव हाय गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रूथबाई कोपऱ्यातल्या वाकळा उन्हात टाकायला काढू लागली. तळाशी, ज्या गाठोड्यावर आठवडाभर दुपटं ठेवलेलं होतं त्याच्या बुडाशी, उंदीर पडलेला होता. पाय ताणलेले, तोंडाला रक्त.

तिच्या हातातली वाकळ तशीच खाली गेली.

प्लेग म्हणजे काय ते तिने लहानपणी पाहिलं होतं. आधी उंदीर पडतात, मग माणसं. उंदराच्या अंगावरच्या पिसवा मेलेल्या उंदराला सोडून कपड्यालत्त्यात शिरतात, हे तिला मास्तरने समजावून सांगितलं होतं. आणि तिच्या घरात सगळ्या गावाचे कपडे होते.

तिने चिमट्याने उंदीर उचलला, घरामागच्या परड्यात नेला आणि रॉकेल ओतून जाळला. हे तिने बरोबर केलं. पण हे करताना तिच्या मनात जे चाललं होतं ते बरोबर नव्हतं, आणि तिला ते कळत होतं. कुणी पाहिलेलं नाही. वाकळा गुपचूप उकळून काढू. दुपटं काहीतरी निमित्त करून आणू. कशाला बोभाटा? या वर्षी साताऱ्याहून पाळकसाहेब चार माणसं घेऊन तिच्या घरी नाताळची उपासना करायला येणार होते. मास्तर गेल्यापासून तिच्या घरात दुसऱ्या कुणाचा गाण्याचा आवाज उठला नव्हता. आणि ते नसतं, तरी ज्या घरात उंदीर पडला त्या घरात यापुढे कोण आपली वाकळ शिवायला देणार?

ती पदर सावरून रंगूबाईच्या घराकडे निघाली.

रंगूबाई सोप्यावर शेंगा फोडत बसली होती. "आगं बया, रुताक्का! येवढ्या सकाळी? बस खाली."

रूथबाई नेहमीप्रमाणे पायरीपाशीच थांबली. "बसत न्हाई, वैनी. ते दुपटं जरा द्या. कडंचा एक टाका राहिलाय."

"तुज्या हातचा टाका? आणि राह्यला?" रंगूबाई खळखळून हसली. "मग दिस मावळतीला उगवला म्हणायचा. आगं, राह्यला तर राह्यला, आमची पोर काय टाकं मोजत बसलीया?"

"तसं न्हवं. उसवंल."

"मग हितंच घाल की. अंजे, सुईदोरा आन गं भाईर! आक्काला झोप लागली न्हाई रातभर, एका टाक्यापायी."

अंजना लेकीला घेऊन दारात आली. पोरगी दुपट्यात गुरफटलेली होती, त्याचा कोपरा तिच्या मुठीत अडकून तोंडाशी आला होता. अंजनाने सुई पुढे केली. रूथबाईने ती घेतली. बोटांत सुई होती आणि डोळे त्या मुठीवर होते. मग तिने सुई पायरीवर ठेवली.

"वैनी, टाका राहिला न्हाई. माझ्या घरात उंदीर पडलाय. दुपटं ज्या गाठोड्यावर होतं, त्याच्याच बुडाला."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. रंगूबाई उठून उभी राहिली. "काय म्हणलीस?"

"ते काढा पोरीच्या अंगावरनं. आत्ता काढा. मी घेऊन जाते."

"लेकराच्या अंगावर घातल्यालं परत न्यायचं?" रंगूबाईचा आवाज चढला. "पैलं लेकरू गेलं माजं. अपशकुन कराय आलीस व्हय गं सकाळच्या पारी? तुला ठावं न्हाई का?"

"ठावं हाय, म्हणूनच आले."

"आणि आल्या आल्या लबाड बोललीस. म्हणं टाका राह्यलाय! देवाचं नाव घेतीस दिसरात आन्‌..."

हे बोलणं रूथबाईला दाभणासारखं लागलं, कारण ते खरं होतं. अंजनाने सासूकडे पाहिलं नाही. तिने मुलीच्या मुठीतून कोपरा हळूच सोडवला, दुपटं काढलं आणि पायरीवर टाकलं. मुलगी रडायला लागली. रूथबाई दुपटं घेऊन निघाली, तरी ते रडणं तिला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

एकदा तोंडातून शब्द गेला म्हणजे तो मागे कसा घेणार? ती तशीच चावडीवर गेली आणि लालासाहेब पाटलांना सगळं सांगितलं. वाकळांचंही सांगितलं. तिथे चार माणसं होती, बघता बघता चाळीस झाली.

"उंदीर कुठाय?" पाटलांनी विचारलं.

"जाळला, पाटील."

"म्हंजे साक्षीला नुस्ती राख."

"मांजरीनं मारला आसंल," बिराप्पा धनगर म्हणाला. "त्या मांजरीला बोलवून इचारा की पाटील, जबानी घ्या तिची."

माणसं हसली. पाटील हसले नाहीत. त्यांचे वडील आणि थोरला भाऊ एकाच आठवड्यात गाठीच्या तापाने गेले होते, तेव्हा ते स्वतः पाळण्यात होते. ते म्हणाले, "हसू नगा. दोन दिसांत समद्यांनी रानात जायाचं. खोपी घाला. गावात चूल पेटाय नको."

"एका बाईच्या एका उंदरापायी आख्खं गाव रानात!"

"जायाचं म्हंजे जायाचं."

मग वाकळांचा प्रश्न आला. जाळून टाका, असं बहुतेकांचं मत पडलं. तेव्हा मघाशी चेष्टा करणारा बिराप्पाच पुढे आला. त्याचा सूर एकदम उतरला होता. "आक्का, माज्या वाकळंत माज्या बायकूचं लुगडं हाय. दुसरं काय राह्यलं न्हाई तिचं."

"कुणाचंच जाळत न्हाई," रूथबाई म्हणाली. "उकळून देते. एकेक करून सगळी देते. पण वाळंपर्यंत थंडी सोसावी लागंल."

गाव माळावर गेलं. उसाचा पाला आणि कडब्याच्या पेंढ्या लावून खोपी उभ्या राहिल्या. रूथबाईची खोप ओढ्याच्या अलीकडे, एकटी. तिला कुणी पलीकडे येऊ दिलं नाही आणि तीही गेली नाही. तिने तीन दगड मांडले, हंडा चढवला आणि वाकळा उकळायला लागली. हंड्यात वाकळ मावायची नाही, म्हणून आधी उसवायची, थर सुटे करायचे, उकळायचे, खडकावर वाळत घालायचे, मग पुन्हा शिवायचे. बिराप्पाच्या वाकळेतल्या लाल पटक्याने पहिल्याच उकळीला इतका रंग सोडला की तो हंड्यालाही लागला. पुढे जे जे त्या हंड्यात गेलं, ते सगळं गुलाबी होऊन निघालं.

पलीकडची माणसं सकाळी शेकोटीभोवती कुडकुडत बसायची आणि तिच्या नावाने बोलायची. तालुक्याहून लस टोचणारे आले, त्यांनी गाव हिंडून पाहिलं. एकही उंदीर सापडला नाही. "कशावरून प्लेग म्हणता?" त्यांनी विचारलं. लोकांनी ओढ्यापलीकडे बोट दाखवलं.

दुसरा रविवार आला, तरी उंदीर पडला नाही.

रोज सकाळी अंजना माळाच्या कडेला यायची, लेकीला दोन्ही हातांनी उंच धरायची आणि काही न बोलता परत जायची. सासूला ते माहीत होतं की नाही कोण जाणे. रूथबाई इकडून डोळ्यांवर हात धरून बघायची. पोरगी पाय झाडताना दिसली की ती हंड्याखाली जाळ घालायची. मग दिवस सुरू व्हायचा. गाठीचा ताप यायचा तर आठवड्याभरात येतो, हे तिला ठाऊक होतं. उंदीर पडून आठवडा होऊन गेला. तरी पोरगी दिसेपर्यंत ती माळाच्या कडेवरून डोळे काढायची नाही.

या वाट बघण्यात एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात आली. पलीकडून कुणी गावाकडे जाऊन आलं की ती कान टवकारायची. उंदीर पडल्याची बातमी आहे का, म्हणून. आणि नाही म्हटलं की तिच्या मनाला बारीकशी चुटपुट लागायची. आपण खोट्या पडलो, असं वाटायचं. एकदा खडकावर दुपटं पसरताना हे तिला लख्ख समजलं. म्हणजे आपण प्रभूची वाट बघतोय की उंदीर पडायची? उंदीर पडला तर आपण खऱ्या. आणि आपण खऱ्या ठरलो, तर हे दुपटं अंगावर घेऊन झोपलेलं लेकरू...

पुढचं तिच्याने मनातसुद्धा म्हणवेना.

तिसऱ्या रविवारच्या सुमारास एका सकाळी अंजना आली नाही.

रूथबाई उन्हं वर येईपर्यंत तशीच उभी राहिली. जाळ विझला, तरी तिचं लक्ष नव्हतं. अखेर पलीकडून रंगूबाई आली, केस मोकळे, पदराचं भान नाही.

"बघ गं बाई, बघ! आंग भाजतंया पोरीचं! तू दुपटं नेलंस, थंडी भरली तिला!"

"वैनी, काखंत बघा! जांघंत बघा! गाठ लागतीया का?"

"गाठ?" रंगूबाई थबकली. मग ओढ्याच्या पाण्यावरून शब्द आला तो सुरीसारखा. "तुला गाठ पायजेल व्हय गं? गाठ आली म्हंजे तू खरी ठरशील, न्हवं?"

आणि ती निघून गेली.

रूथबाईने तो दिवस कसा काढला, ते तिचं तिला माहीत. गाठ असेल तर दुपटं दिल्याचा दोष, गाठ नसेल तर दुपटं नेल्याचा दोष. सुटायला वाट नव्हती. तिने पुन्हा जाळ घातला, कारण हात रिकामे ठेवणं शक्य नव्हतं. हंड्यात काठी फिरवता फिरवता ती मोठ्याने प्रार्थना करायला लागली. आजवर तिने प्रार्थनेत चांगली चांगली वाक्यं म्हटली होती, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली. आज एकही सुचेना. "प्रभो, मला खोटी पाड," ती म्हणाली. "गावानं मला येडी म्हणू दे, मरेस्तवर म्हणू दे. तो उंदीर मांजरीचाच ठरू दे. पोरगी तेवढी ठेव." धुराने डोळ्यांना धार लागली होती, ती तिने पुसली नाही.

दिवस कलताना बिराप्पा मेंढरं घेऊन पाण्यावर आला. तो तिच्याकडे न बघता, मेंढरांशी बोलल्यासारखा बोलला, "गाठ न्हाई म्हणं. छाती भरलीया. येखंड उगळून लावलंय. दूध प्याली मघाशी."

सकाळी माळाच्या कडेला अंजना आली. लेकीला तिने फार उंच धरलं नाही, पदरात गुंडाळूनच जरा पुढे केलं. पदरातून एक मूठ बाहेर आली. रूथबाईने हात वर केला, तो तसाच कितीतरी वेळ राहिला.

गाव नाताळच्या आधी परतलं. शेवटपर्यंत उंदीर पडला नाही, कुणाला गाठ आली नाही. रूथबाईने वाकळा ज्याच्या त्याला नेऊन दिल्या. सगळ्यांच्या वाकळा कमीजास्त गुलाबी. लोकांनी त्या घेतल्या, नाकं मुरडली आणि तिला नवं नाव ठेवलं, उंदीरबाई. पाळकसाहेबांचा निरोप आला की तुमच्या भागात साथ आहे असं कळलं, यंदा येणं जमत नाही.

नाताळच्या सकाळी तिने घर सारवलं, मास्तरचा जुना कोट खुंटीवर नीट लावला, शेवया केल्या आणि एकटीच गायला बसली. दुसरं कडवं चालू असताना बाहेरून हाक आली.

"उंदीरबाई, हाईस का घरात?"

रंगूबाई होती. कडेवर नात, कानटोपडं घातलेली. ती पायरीपाशी थांबली नाही. सरळ वर आली आणि सारवलेल्या जमिनीवर बसली. या घरात ती याआधी कधी बसली नव्हती. "गानं संपव आदी," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."

रूथबाईने उरलेलं कडवं पूर्ण केलं.

"आता दे ते दुपटं. धुतलंस न्हवं?"

"तीनदा उकळलंय."

रंगूबाईने ते उलटसुलट करून पाहिलं. "रंग कसला गं ह्यो?"

"बिराप्पाच्या पटक्याचा."

"म्हंजे माजी नात आता धनगराच्या पटक्यात झोपणार." ती हसली, मग नातीचं कानटोपडं सारखं करत म्हणाली, "त्या दिशी लय वंगाळ बोलले मी. गाठीचं."

"तुमी बोललासा त्यात थोडं खरं हुतं, वैनी."

रंगूबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. दुपटं तिच्या पुढ्यात टाकलं. "तो टाका राह्यला हुता, न्हवं? घाल."

"टाका राहिलाच न्हवता. लबाड बोलले मी."

"ठावं हाय मला. तरीबी घाल. माज्या म्होरं घाल. म्हंजे परत न्हेलं त्याला कारन हुतं, आसं हुईल. अपशकुन न्हाई लागत मग."

रूथबाईने सुई ओवली आणि कडेला, जिथे काही गरज नव्हती तिथे, एक टाका घातला. पांढऱ्या दोऱ्याचा, सगळ्यांना दिसेल असा. रंगूबाईने या खेपेला पाणी न शिंपडताच नातीला दुपट्यात गुंडाळलं आणि शेवया खाऊन गेली.

उंदीरबाई हे नाव मात्र राहिलं. रूथबाई त्या नावाला ओ द्यायची.

पुढच्या हिवाळ्यात, तिच्या त्या चार रविवारांतलाच पहिला आठवडा होता. ती सोप्यावर चिंध्यांचं गाठोडं सोडून बसली होती. आळीतून आरडाओरडा ऐकू आला. रंगूबाई आपल्या दारात उभी राहून, एका हाताने कडेवरची नात सावरत, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती.

"आमच्यात उंदीर पडलाय! आमच्या माजघरात! सांगा जाऊन पाटलास्नी!"

"आगं, हळू बोल की," शेजारची मनुबाई दारातून म्हणाली. "साऱ्या गावाला कळंल."

"कळू दे की! लपवू कशाला? त्या उंदीरबाईला जमलं, एकटी बाई, मागं ना पुढं कुनी. मला जमना व्हय?"

त्या दुपारी आणखी दोन घरांनी आपापले उंदीर सांगितले. दिवस मावळायच्या आत गाव माळावर होतं. त्या वर्षी आसपासच्या वाड्यांतून बरीच माणसं गेली, तिरड्या बांधायला माणूस मिळेना अशी गत झाली. पिंपळखोऱ्यात एक म्हातारा गेला, तो दम्याने.

पण हे सगळं पुढचं. त्या घटकेला रूथबाईने चिंध्या बाजूला सारल्या, फळीवरचा हंडा उतरवला आणि पाणी आणायला ओढ्याकडे निघाली.